चमचा उलटा करून बघ

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, मी लेस्टरला असते, येऊन नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी एका चॅरिटी शॉपमध्ये सहा टीस्पूनचा बॉक्स मिळाला, झाकणाच्या आतल्या सॅटिनवर १९३७ चं कॉरोनेशन, म्हणजे राज्याभिषेक, छापलेलं, आणि तेव्हापासून मला नादच लागला, इथल्या राजघराण्याच्या कॉरोनेशनला नाहीतर ज्युबिलीला काढलेली स्टर्लिंग चांदीची टेबलावरची भांडी जमवायचा. सध्या ते सहा चमचे आहेत, व्हिक्टोरियाच्या डायमंड ज्युबिलीचा १८९७ चा एक जॅम स्पून आहे, आणि गेल्या आठवड्यात एका फेअरमधे आठव्या एडवर्डच्या कॉरोनेशनचा ट्रे ८५ पौंडाला घेतला, विकणारा म्हणाला स्टर्लिंग आहे आणि या राजाला मुकुट कधी चढलाच नाही म्हणून फार रेअर आहे. आता प्रश्न. चमच्यांवर एम अक्षर आहे, तक्त्यात त्याचं वर्ष १९३६ येतं, मग बॉक्सवर १९३७ कसं, मला फसवलं का? १९७७ च्या सिल्व्हर ज्युबिलीचा लिमिटेड एडिशन गॉब्लेट, म्हणजे दांड्याचा पेला, सर्टिफिकेटसकट २५० पौंडाला मिळतोय, नवरा म्हणतो भाव वाढणार असेल तरच घे, काय करू? साफ कसं करायचं? आणि सगळ्यात टोचलेली गोष्ट म्हणजे सासूबाई, त्या चिंचवडच्या, व्हिडिओ कॉलवर चमचे दाखवले तर म्हणाल्या, ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांचे चमचे काय पुजतेस. दिवाळीला घरी जातोय, सगळं दाखवायला न्यायचं मनात होतं, आता नेऊ की नको तेच कळेना. फोटो जोडलेत."

अगं, पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण मी बर्मिंगहॅमला बावीस वर्षं काढली आणि हाच नाद केला, त्यामुळे तुझ्या फोटोंवर मी अर्धी संध्याकाळ घालवलीये. चमच्यांचं आधी सांगते कारण तिथे तू उगाच जीव टांगणीला लावलायस.

तू फोटो काढलेत ते सगळे चमच्यांच्या तोंडाचे. एकच फोटो पाठीचा आहे आणि मला सगळं त्या एका फोटोतच सापडलं. या छंदातलं पहिलं काम हेच गं, चमचा उलटा करायचा. पुढून राजा असतो, मुकुट असतो, तारीख असते, ते कोणीही छापू शकतं, पण दांड्याच्या मागे ज्या बारीक चार खुणा ठोकलेल्या असतात त्यातली बनवणाऱ्याची सोडून बाकीच्या ठोकायचा अधिकार फक्त अ‍ॅसे ऑफिसला, आपल्याकडे सराफ कसोटीवर कस बघतो ना तसं कस तपासून मगच ठोकतात. तुझ्या चमच्यावर आधी दोन अक्षरं आहेत ती बनवणाऱ्याची, मग जहाजाचा नांगर, मग पुढचा उजवा पाय उचलून चालणारा सिंह, आणि मग ते एम. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं, कारण निव्वळ चांदी इतकी मऊ असते की तिचा चमचा आइस्क्रीममधे घातला तर वाकेल. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावाला नांगर कसा काय, हा प्रश्न मला पहिल्या दिवशीच पडला होता, तर १७७३ मधे मॅथ्यू बोल्टनने पार्लमेंटच्या मागे लागून बर्मिंगहॅमला आणि सोबत शेफिल्डला स्वतःचं अ‍ॅसे ऑफिस मिळवून दिलं, त्याआधी माल शिक्क्यासाठी पार चेस्टरला पाठवायचा आणि यायचा तो पोचे पडून. असं सांगतात की त्या मागणीसाठी ही मंडळी लंडनला ज्या खानावळीत बसायची तिचं नाव क्राउन अँड अँकर, तर बर्मिंगहॅमने नांगर घेतला आणि शेफिल्डने मुकुट. म्हणजे मुकुटाची खूण दिसली म्हणून राजघराण्याची वस्तू असं समजू नकोस, १९७५ पर्यंत तो नुसता शेफिल्डचा शिक्का होता, नंतर त्यांनी गुलाब घेतला. लंडनचं म्हणशील तर बिबट्याचं डोकं.

आता एम, म्हणजे शिक्का कोणत्या वर्षी ठोकला ते सांगणारं अक्षर. तक्त्यात १९३६ आहे ते बरोबर आणि बॉक्सवर १९३७ आहे तेही बरोबर. बर्मिंगहॅमचं अक्षर तेव्हा जानेवारीत बदलायचं नाही, जुलैत बदलायचं, आपल्या शाळेच्या वर्षासारखं, म्हणजे एम हे जुलै १९३६ ते जून १९३७ पर्यंत चाललं, आणि कॉरोनेशन होतं १२ मे १९३७ ला. समारंभाची वस्तू समारंभाच्या आधीच बनणार, दुकानात पोचणार, मग लोक घेणार. उलट चमच्यावर पुढचं एन असतं तर मी जरा भुवया उंचावल्या असत्या. सगळ्या ऑफिसांचं अक्षर १ जानेवारीला आणि एकच असं १९७५ पासून झालं, त्याआधी प्रत्येकाचा तक्ता वेगळा, लंडनचं अक्षर मे महिन्यात बदलायचं, तेव्हा तक्ता बघताना गाव कोणतं ते आधी बघ. तुझे चमचे एकदम खरे आहेत, सहाही एकाच वर्षाचे, एकाच हातचे, जुना बॉक्ससुद्धा त्यांचाच. छान घेतलेस.

ट्रेचं मात्र वाईट वाटतंय सांगताना. तू पाठवलेला मागचा फोटो मी मोठा करून बघितला. चार छोट्या ढाली आहेत ओळीने आणि लांबून अगदी हॉलमार्कच वाटतात, पण त्या ढालींमधे नांगर नाही, सिंह नाही, जुन्या वळणाची अक्षरं आहेत, ई, पी, एन, एस. म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर या नावात सिल्व्हर असलं तरी त्या धातूत चांदीचा कणही नसतो, तांबं जस्त आणि निकेल, आणि त्यावर विजेने चढवलेला चांदीचा पातळ मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने १८४० मधे या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि मग चांदीसारखं दिसणारं टेबल घराघरात आलं, वस्तू म्हणून त्यात वाईट काही नाही, माझ्याकडेही आहेत. पण स्टर्लिंग म्हणून विकणं ही फसवणूक आहे. इथे १९७३ चा हॉलमार्किंगचा कायदा आहे, ७.७८ ग्रॅमच्या वरच्या वस्तूला हॉलमार्क नसताना धंद्यात चांदी म्हणून विकताच येत नाही, खूप जुन्या वस्तूंना थोडी सूट आहे पण मुलाम्याच्या ट्रेला ती लागू व्हायचा प्रश्नच नाही. तू गेल्याच आठवड्यात घेतलायस ना, मग उशीर करू नको, विकणारा व्यापारी असेल तर सांगितलं एक आणि दिलं दुसरं या कारणाने ३० दिवसांच्या आत वस्तू परत देऊन पूर्ण पैसे मागायचा हक्क आहे तुला, पावती नसेल तर कार्डाची नोंद चालते. भांडू नको, शांतपणे ट्रे उलटा करून त्या चार ढाली दाखव. नाही ऐकलं तर ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे असल्या फसवणुकीच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, जायचं.

आणि रेअरचं जे सांगितलं ना त्याने, ते मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. आठवा एडवर्ड जानेवारी १९३६ मधे राजा झाला आणि डिसेंबर १९३६ मधे त्याने गादी सोडली, एक वर्षही पुरं नाही, हे खरं. मुकुट चढला नाही हेही खरं. पण त्याच्या कॉरोनेशनची तारीख १२ मे १९३७ ही आधीच जाहीर झालेली होती आणि सगळे कारखाने महिनोन्महिने कपबश्या, ट्रे, चमचे, मग बनवत बसले होते, तो माल त्याने गादी सोडल्यावर समुद्रात नाही टाकला कोणी, विकलाच, आणि लोकांनी तर आठवण म्हणून मुद्दाम घेऊन ठेवला. ढिगाने आहे. तीच तारीख तशीच ठेवून भावाचं, सहाव्या जॉर्जचं कॉरोनेशन उरकलं. मग रेअरची आवई कुठून आली तर नाण्यांवरून, एडवर्डची नाणी चलनात यायच्या आधीच सगळं थांबलं, जी मोजकी नमुन्याची नाणी पाडली होती त्यातलं एक सोन्याचं सॉव्हरिन २०२० मधे १० लाख पौंडाला गेलं. नाण्याची ती कीर्ती ट्रेला चिकटवून विकतात. असाच प्रकार १९०२ चा, सातव्या एडवर्डचं कॉरोनेशन २६ जूनला ठरलेलं, दोन दिवस आधी त्याच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं आणि समारंभ झाला ९ ऑगस्टला, त्यामुळे २६ जून लिहिलेले चमचे दिसले की विकणारा म्हणतो चुकीच्या तारखेचा दुर्मिळ पीस. उलट आहे गं, माल आधीच तयार झालेला असल्यामुळे जूनचेच जास्त सापडतात.

तोंडावरून फसायचा अजून एक प्रकार सांगते कारण तू व्हिक्टोरियाच्या मागे लागलीयेस. जुन्या चांदीवर हॉलमार्कच्या ओळीतच व्हिक्टोरियाच्या डोक्याची बारीक खूण दिसते, आणि लोक हरखून जातात की ही ज्युबिलीची वस्तू. ती कराची पावती असते. १७८४ ते १८९० पर्यंत चांदीवर सरकारी कर होता, तो भरला की राजाचं किंवा राणीचं डोकं ठोकायचे, मग तो कांट्याचा जोड असो की मिठाची कुपी. १८९० ला कर गेला, शिक्काही गेला, त्यामुळे तुझ्या १८९७ च्या जॅम स्पूनवर मागे ते डोकं नाहीये आणि नसायलाच हवं, पुढे दांड्याच्या टोकाला जी म्हातारी व्हिक्टोरिया आहे ती नक्षी आहे.

मग राजाचं डोकं असलेला खरा समारंभाचा शिक्का कोणता, तर तो वेगळा ठोकतात आणि माझं सगळ्यात जास्त प्रेम त्याच्यावरच. पाचव्या जॉर्जच्या सिल्व्हर ज्युबिलीला, १९३५ ला, अ‍ॅसे ऑफिसांनी पहिल्यांदा असा ज्यादा शिक्का काढला, राजा आणि क्वीन मेरी यांची दोन डोकी एकामागे एक, बाजूने दिसणारी. बनवणाऱ्याला हवा असेल तरच ठोकायचा. म्हणजे त्या चमच्यांवर चारच्या जागी पाच खुणा. भिंगातून बघितलंस तर मेरीचं नाक आणि जॉर्जची दाढी सुद्धा दिसते, ती जागा इतकीशी, तांदळाच्या दाण्याएवढी! पुढून तो चमचा एकदम साधा असतो कधीकधी, नक्षी नाही तारीख नाही काही नाही, दुकानदारालाही ठाऊक नसतं, साध्या चमच्याच्या भावात ठेवलेला असतो, आणि तू उलटा केलास तर तुला कळतं. १९३७ ला असा शिक्का काढला नव्हता म्हणून तुझ्या चमच्यांवर तो नाही, काळजी नको. १९५३ ला एलिझाबेथचं डोकं उजवीकडे बघणारं, १९७७ ला डावीकडे बघणारं, मग २००२, २०१२ अशा ज्युबिल्यांना परत काढले. मला विचारशील तर तू ट्रे बीचं सोड आणि एवढंच धर, ज्यादा शिक्क्याचे चमचे आणि छोट्या बश्या. जागा कमी लागते, पैसे कमी लागतात, आणि दर वस्तू वाचायला काहीतरी देते. दहापट मोठं दाखवणारं ज्वेलर्सचं भिंग घे एक, पंधरा वीस पौंडात चांगलं येतं, या छंदातली तेवढी एकच खरेदी अशी की जिचा कधी पश्चात्ताप होत नाही.

गॉब्लेटचं. नवऱ्याचा प्रश्न बरोबर आहे पण उत्तर त्याला आवडणार नाही. १९७० च्या दशकात लिमिटेड एडिशन हा मोठा धंदा झाला होता, लिमिट म्हणजे हजारांच्या घरात असायचं बऱ्याचदा, आणि ज्यांनी घेतले त्यांनी मुलांसाठी गुंतवणूक म्हणून घेतले, एकदाही न वापरता बॉक्समधे ठेवले, त्यामुळे आज ते सगळेच्या सगळे नवेकोरे बाजारात येतात. नवेकोरे हजारो असले की भाव कसा वाढणार. म्हणून आधी मोडीचा भाव काढायला शीक, आपल्याकडे सराफकट्ट्यावर मोड घालतात तसाच. तुझे सहा चमचे मिळून ८४ ग्रॅम लिहिलेस ना, ८४ गुणिले ०.९२५ म्हणजे ७७.७ ग्रॅम शुद्ध चांदी, इथे भाव ट्रॉय औंसात सांगतात आणि एक ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅम, म्हणजे अडीच औंस झाली. त्या दिवसाच्या भावाने गुण की मोडीची किंमत आली. गॉब्लेटचं वजन विचार, मोडीची किंमत काढ, त्याच्या वर जे काही आहे ती आपल्या भाषेत घडणावळ आणि हौस, आणि ती विकताना परत मिळेल असं धरून चालू नकोस. लिलावात तसेच गॉब्लेट खरोखर कितीला गेले ते बघ, विकणारे किती मागतायत ते बघू नकोस, मागायला काय, कोणी काहीही मागेल. वजनाच्या भावाच्या जवळ येत असेल आणि तुला त्यातून पाणी प्यावंसं वाटत असेल तर घे, नाहीतर राहू दे. एक लक्षात ठेव, हे वजनाचं गणित चमचे, बश्या, पेले यांना चालतं, मेणबत्तीचा स्टँड किंवा सुरीची मूठ असेल तर आतमधे डांबर नाहीतर प्लास्टर भरलेलं असतं, चांदी नुसती वरची पातळ पत्र्यासारखी, तिथे काटा फसवतो.

आणि मोडीच्या भावाचं दुसरं तोंडही तुला माहीत असावं. चांदी महागली की हीच भांडी पोत्याने आटवायला जातात. जानेवारी १९८० ला चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ पोचली होती, तेव्हा इथे लोकांनी आजीचे चहाचे सेट रांगा लावून दिले, त्यात किती काय गेलं कोणी मोजलं नाही. शिक्का वाचायला येत नसेल तर चमचा म्हणजे नुसते चौदा ग्रॅम. तू घेतलेला प्रत्येक चमचा त्या भट्टीतून वाचलेला आहे, म्हणून मला तुझा नाद लाखमोलाचा वाटतो.

साफ करण्याबद्दल मी स्वतः केलेली चूक सांगते म्हणजे तू करणार नाहीस. राजाच्या कॉरोनेशनमधे एक चमचा असतो, अभिषेकाचा, पवित्र तेल त्यात ओतून आर्चबिशप राजाला लावतो. बाराव्या शतकातला आहे, चांदीचा, वर सोन्याचा मुलामा, आणि त्याची वाटी मधे उभ्या कण्याने दोन भागात विभागलेली, आर्चबिशपची दोन बोटं बुडावीत म्हणून असं म्हणतात. १६४९ ला राजाचं डोकं उडवल्यावर राजचिन्हं सगळी मोडीत काढली, वितळवली, हा चमचा मात्र राजाच्या वस्त्रागारातल्या क्लेमेंट किनर्स्ली नावाच्या माणसाने १६ शिलिंगला विकत घेतला आणि दुसरा चार्ल्स परत आल्यावर १६६१ च्या कॉरोनेशनला परत दिला. अख्ख्या इंग्लंडच्या राजवैभवातला एक चमचा एका नोकराने जपला म्हणून वाचला! २०२३ ला तिसऱ्या चार्ल्सला अभिषेक झाला तो त्याच चमच्याने. त्याच्या छोट्या नकला दर कॉरोनेशनला निघतात, स्टर्लिंगच्या, मुलामा दिलेल्या, १९०२, १९११, १९३७, १९५३ च्या सगळ्या मिळतात. मला १९११ ची मिळाली होती, जराशी मळलेली, आणि मी आई करायची तसं टूथपेस्ट लावून अंगठ्याने घासली. दोन मिनिटात चमचा पांढरा झाला. मला वाटलं वा काय उजळला, आणि मग फडक्यावर बघितलं तर जरा पिवळसर राखाडी, वाटीतला कणा उघडा पडलेला, ज्या सोन्याला शंभर वर्षं काही झालं नव्हतं ते मी पुसून टाकलं. तो चमचा अजून आहे माझ्याकडे, विकायचा नाही म्हणून ठेवलाय.

तेव्हा टूथपेस्ट नाही, रांगोळी नाही, राख नाही, चिंच मीठ तर अजिबात नाही, आणि तांब्यापितळेची पावडर चांदीच्या जवळपास सुद्धा नको. घासलं की आधी शिक्के जातात. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूने, अंड्याने, कांद्याने, लोकरीने, वर्तमानपत्रात गुंडाळल्याने. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा सौम्य साबण, जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्याने लगेच कोरडं, बास. फॉईल आणि सोड्याची जी युक्ती सगळे दाखवतात ती पण नको, नक्षीच्या खाचेत मुद्दाम ठेवलेला काळेपणा त्याने निघून जातो आणि नक्षी मेल्यासारखी दिसते. डिशवॉशर कधीच नाही. मीठ लागलेलं ठेवू नको, मिठाने खड्डे पडतात ते भरून येत नाहीत. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वापर त्यांना, रोज चहाला घेतलेला, धुतलेला पुसलेला चमचा बॉक्समधल्या चमच्यापेक्षा उजळ राहतो.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, आणि त्यांना गप्प बसवणारं उत्तर शोधू नकोस, कारण त्या चुकीचं बोलल्या नाहीत. तुझ्या जॅम स्पूनवर बघ काय कोरलंय, १८३७ ते १८९७. त्या डायमंड ज्युबिलीचा मुख्य दिवस होता २२ जून १८९७. लंडनला व्हिक्टोरियाची मिरवणूक सेंट पॉल कॅथेड्रलपर्यंत गेली, पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून ती गाडीतच बसून राहिली आणि प्रार्थना बाहेरच उरकली, त्याच उत्सवासाठी तुझा चमचा बनला. आणि त्याच २२ जूनला आपल्याकडे पुण्याला गणेशखिंडीत गव्हर्न्मेंट हाऊसवर, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, त्याच ज्युबिलीची मेजवानी होती, आतषबाजी होती. ते प्लेगाचं साल. वर दुष्काळ. सोजिरांनी घराघरात शिरून झडत्या घेतल्या होत्या, बायकामाणसांची, देवघरांची विटंबना झाली होती, त्या सगळ्यावर नेमलेला अधिकारी रँड ती मेजवानी आटोपून रात्री परत निघाला आणि चापेकरांनी त्याला गणेशखिंडीच्या रस्त्यावर गाठलं. त्याच्यासोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. आणि १८९८ आणि १८९९ मधे दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण, तिघे सख्खे भाऊ फाशी गेले. टिळकांना त्याच साली राजद्रोहात दीड वर्षाची सजा झाली.

चापेकर कुठले? चिंचवडचे. तुझ्या सासूबाईंच्या गावचे, तो वाडा अजून तिथे आहे. म्हणजे बघ, तू ज्या चमच्याने टोस्टला जॅम लावतेस तो ज्या दिवसासाठी बनला ती तारीख आणि त्यांच्या गावात लहानपणापासून सांगितली गेलेली तारीख एकच आहे. तू पुढची बाजू दाखवलीस, त्यांनी मागची बघितली. मी म्हटलं ना चमचा उलटा करायचा, तर हा पण त्याचाच भाग आहे, शिक्क्याच्याही मागे जे आहे ते वाचायचं. मी माझ्या प्रत्येक वस्तूला एक पोस्टकार्डाएवढं कार्ड करते, त्यावर शिक्के, वजन, कुठे घेतलं, कितीला घेतलं आणि त्या दिवशी इकडे काय चाललं होतं आणि आपल्याकडे काय चाललं होतं. १९११ च्या कार्डावर लिहिलंय की पाचव्या जॉर्जने २ डिसेंबरला मुंबईला अपोलो बंदरावर पाऊल ठेवलं, ज्याच्यासाठी पुढे गेटवे बांधलं. १९३५ चं कार्ड मी तीनदा बदललंय. पुजणं वेगळं आणि जपणं वेगळं, पण ते सासूबाईंना तोंडाने सांगू नकोस, कार्ड लिहून दाखव.

आणि जॅम स्पूनचं कार्ड त्यांनाच लिहायला सांग. खरंच सांग. फोन करून म्हण की आई, मला या चमच्याच्या मागची चिंचवडची गोष्ट तुमच्याकडून हवीये, तुम्ही सांगा मी लिहिते. त्यांच्या आजीने काय सांगितलं असेल, प्लेगात माणसं गाव सोडून कुठे जाऊन राहिली, घरातलं कोण गेलं, असलं काही तुला माझ्याकडे मिळणार नाही आणि कुठल्या लिलावाच्या कॅटलॉगमधे तर नाहीच नाही.

दिवाळीला १९३७ चे सहा चमचे ने, फराळाच्या ताटात ठेव, चिवड्याला चालतील, फक्त लाडूचं तूप लागलं की लगेच धुवायचे. बॉक्स हातातल्या बॅगेत ठेव, खरेदीची पावती सोबत असू दे आणि निघायच्या आधी दोन्हीकडचे कस्टमचे नियम नीट वाचून घे, ते बदलत असतात. पण १८९७ चा स्पून नेऊ नकोस. आपल्याकडे पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षांच्या वरची ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे, तुझा इवलासा चमचा त्यात बसतो की नाही हा वाद एअरपोर्टवर पहाटे तीनला घालायची वेळ तुझ्यावर यायला नको. त्याचे चांगले मोठे फोटो काढून ने, पुढून आणि मागून दोन्ही, आणि कोरं कार्ड ने.

आणि ट्रेचे पैसे परत आले तर ते लगेच गॉब्लेटमधे घालू नकोस, दोन डोक्यांचा १९३५ चा एक चमचा शोध आधी.

अजून एक राहिलंच, फोटोत तू सहा चमच्यांना मिळून रबरबँड लावलायस. तो आजच्या आज काढ गं, रबरात गंधक असतं, जिथे तो टेकलाय तिथे चांदीवर काळा पट्टा उमटतो आणि तो आतपर्यंत खातो. मऊ कापडाची फीत बांध.